तोंडी परीक्षेचा उन्हाळा

एप्रिल अर्धा सरला की आमच्या विभागातली पोरं चालता चालता ओठ हलवायला लागतात. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर, कँटीनच्या रांगेत, लिफ्टमध्ये. कुणी औषधाचा डोस पुटपुटतं, कुणी मशीनमधल्या एखाद्या झडपेचं नाव. नवीन सिस्टर घाबरतात, जुन्या हसतात. भूलतज्ज्ञ व्हायला निघालेल्या डॉक्टरांची तोंडी परीक्षा जवळ आल्याची ही खूण. ती दिसली की माझ्याही घशाला कोरड पडते. मी पास होऊन जमाना झाला, आता मीच शिकवते, पण हे घशाला कोण सांगणार!

यंदाचीही पोरं संध्याकाळी भिलाईतल्या कोहक्याला आमच्या घरी येतात. मी जेवणाच्या टेबलावर नळ्या, मास्क, घशात बघायचं चमकदार पात्याचं लॅरिंगोस्कोप मांडते आणि प्रश्न विचारते. पोरं हुशार आहेत. मोबाइलवर सगळं जग घेऊन फिरतात. ती उत्तरं देत असतात आणि मधेच माझं लक्ष उडतं. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास येतो आणि मी रुआबांध्याच्या आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये जाऊन बसते. तिथे आई असते, जी आता नाही. तिथे बाबा मळक्या बनियनमध्ये कूलरमध्ये बादली ओतत असतात आणि मला परीक्षेची धास्ती असते. ती धास्तीसुद्धा मला परत हवी आहे, यावर पोरांचा विश्वास बसणार नाही.

त्या उन्हाळ्यात मी ही परीक्षा दुसऱ्यांदा देत होते. पहिल्यांदा लेखी निघालं आणि तोंडीला मी आपटले. त्याच उन्हाळ्यात बाबा रिटायर होणार होते. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. सारी हयात त्यांनी उंचावरच्या त्या केबिनमध्ये काढली, खाली लाल लोखंड आणि वर पत्रा. रिटायर झाले की काही महिन्यांत प्लांटचं क्वार्टर सोडावं लागणार. म्हणजे माझ्या परीक्षेवर फक्त माझंच भवितव्य अवलंबून नव्हतं. मी पास झाले तर इथल्याच हॉस्पिटलात नोकरी मिळणार होती, मग भाड्याचं घर घेऊन सगळे भिलाईतच राहू. नापास झाले तर बाबा आणि आई भंडाऱ्याकडे, चुलबंद नदीच्या काठच्या आमच्या गावी जाणार आणि मी कुठेतरी होस्टेलवर राहून पुन्हा घोकत बसणार. बाबांचं भिलाई सुटू द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. ज्या माणसाने इथे केस पांढरे केले त्याला म्हातारपणी हुसकावून लावायचं? छे. मी त्यांच्यासाठी अभ्यास करत होते. निदान मला तसं वाटत होतं, आणि त्या वाटण्यात एक मस्त तोरा होता.

क्वार्टर लहान होतं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात आंबा. दुपारी ऊन असं तापायचं की रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. सकाळी आई बासी खायला द्यायची, रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कच्चा कांदा आणि आंब्याची चटणी. हे खाणं आमचं नव्हे, शेजारच्या साहूकाकींनी आईला शिकवलेलं, पण इतकं अंगवळणी पडलं होतं की नागपूरचे पाहुणे नाकं मुरडायचे तेव्हा आईला राग यायचा. बासी खाल्ली की डोळे जड व्हायचे. मी पुस्तक घेऊन कूलरसमोर बसायची आणि भुलीचा धडा वाचता वाचता स्वतःच झोपून जायची. आई पाण्याचा हात तोंडावर फिरवून उठवायची. "दुसऱ्याले झोपवाचं आहे तुले, सोताले नाही," म्हणायची.

आठवड्यातून दोनदा, दुपार कलली की मी स्कूटीवर बोरसीला जायची, दाणी मॅडमकडे. मॅडम दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथेच. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या होत्या, पण परीक्षेच्या हंगामात आजूबाजूच्या हॉस्पिटलांतली पोरं त्यांच्या गच्चीवर जमायची. गच्चीवर पाणी शिंपडलेलं असायचं, चटयांवर आम्ही आणि समोर वेताच्या खुर्चीत मॅडम. त्यांचा आग्रह एकच. मनातल्या मनात उत्तर येणं म्हणजे न येणं. मोठ्याने बोला. "जो प्रश्नाला तोंड उघडत नाही त्याच्या हाती रोगी कोण देणार, बेटा?" असं म्हणून त्या टक लावून बघायच्या आणि आपल्याला आपलं नावही आठवायचं नाही.

पहिल्या वेळी मी कशी आपटले, तेही त्यांनीच मला समजावलं. परीक्षकांनी विचारलं होतं, श्वासाची नळी घशातून खाली जात नाही, काय कराल? मी म्हटलं, पुन्हा प्रयत्न करीन. मग? डोकं नीट ठेवून पुन्हा प्रयत्न करीन. मग? दुसरं पातं घेऊन पुन्हा. मॅडमनी हे ऐकलं आणि चष्मा काढून पुसला. "बाई गं, मास्कने त्याचा श्वास नीट चालू होता ना? मग हात थांबव. मदतीला हाक मार. आणि त्या बिचाऱ्याला उठव. ऑपरेशन उद्या होईल. आपल्या लोकांना झोपवायची इतकी घाई असते की उठवता येतं हेच डोक्यातून जातं." गच्चीवरचे सगळे हसले, मीही हसले. घरी येताना मात्र स्कूटीवर डोळ्यांतून पाणी आलं.

परीक्षेच्या दिवसांत आमची नजरच बिघडते. आम्हाला माणसं दिसत नाहीत, माना आणि जबडे दिसतात. भाजीवाल्याची मान आखूड, बँकेतल्या बाईचे पुढचे दात बाहेर, रिक्षावाल्याचं तोंड कसं छान मोठं उघडतं. आल्यागेल्याला मी जीभ बाहेर काढायला लावायची. त्याच उन्हाळ्यात दुर्गचं एक स्थळ मला बघायला आलं. मुलगा इंजिनिअर, गोरागोमटा. पोहे झाले, चहा झाला, मंडळी गेली. आईने आशेने विचारलं, "कसा वाटला व?" मी म्हटलं, "बरा आहे, पण हनुवटी मागे आहे गं. नळी टाकायला त्रास जाईल." आईने कपाळावर हात मारला. बाबा मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे कितीतरी दिवस ते रस्त्यातल्या माणसांकडे बोट दाखवून मला हळूच विचारायचे, "याची जाईन का नळी?" माझं लग्न राहिलं ते राहिलंच, पण त्यात त्या हनुवटीचा दोष नाही.

मोठ्याने बोलायचं तर समोर कुणीतरी हवं. दाणी मॅडम रोज थोड्याच मिळणार? मग मी बाबांना परीक्षक केलं. त्यांना इंग्रजी बेताचं आणि भूलशास्त्र शून्य. मी त्यांना सांगितलं, "बाबा, तुम्हाला काही यायची गरज नाही. मी थांबले की तुम्ही फक्त 'मंग?' म्हणायचं." बाबांनी हे काम प्लांटच्या ड्युटीसारखं घेतलं. सकाळची शिफ्ट करून यायचे, अंघोळ करून धुतलेला शर्ट घालायचे, कारण परीक्षक बनियनवर बसत नाही, आणि अंगणातल्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसायचे. मी समोर उभी. मी त्यांना सगळं मराठीत, कधी हिंदीत सांगायची. पोट फुगलेला माणूस आलाय, तातडीचं ऑपरेशन आहे, मी अमुक करीन.

"मंग?"

"मग त्याला ऑक्सिजन देईन."

"हाव, ऑक्सिजन तं आमच्या प्लांटमंदी बी बनते. मंग?"

"मग झोपेचं औषध. मग नळी टाकीन."

"मंग?"

"मग ऑपरेशन सुरू. झालं उत्तर."

"झालं कसं? तो मानूस तं झोपूनच आहे."

मला हसू यायचं आणि रागही यायचा. पुस्तकात उत्तर तिथे संपत होतं. बाबांचं संपायचं नाही. तो उठला का, बोलला का, त्याच्या घरचे बाहेर बसले होते त्यांना कोणी सांगितलं का, हे कळल्याशिवाय ते खुर्चीतून उठायचे नाहीत. शेवटी मला प्रत्येक रोग्याला उठवून, नाव विचारून, हात वर करायला लावून, बायकोच्या ताब्यात द्यावं लागायचं. तेव्हा बाबा म्हणायचे, "पास." आई आतून ओरडायची, "आता जेवाले या दोघं बी."

मला माझ्या आयुष्यातलं काय परत हवं, असं कुणी विचारलं तर मी ही अंगणातली संध्याकाळ मागीन. प्लांटकडून येणारा तो कोळशाचा, लोखंडाचा वास. साहूकाकींच्या घरची फोडणी. पिकायला आलेले आंबे आणि खाली स्वच्छ शर्टातले माझे बाबा, ज्यांना माझ्या तोंडून पुढचं ऐकायचं आहे. आपल्याला काय येतं हे जाणून घ्यायला कुणी असं समोर बसून राहिलंय, हे किती थोडे दिवस घडतं! आता मला कुणी प्रश्न विचारत नाही. सही विचारतात, सुट्टी विचारतात, ड्युटी बदलून मागतात.

मोठेबाबा आले तेही त्याच दिवसांत. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गावी शेती बघणारे. दुर्ग स्टेशनवरून ऑटोने आले, पोत्यात गावरान आंबे आणि पिशवीत लाखोळीची डाळ. बाबा त्यांना बघून पोरासारखे झाले. दोघांनी अंगणात बाजा टाकल्या आणि संध्याकाळभर बोलत पडले. बाबांचं गावचं हसू वेगळं होतं, पोटातून येणारं, आमच्याशी ते तसं हसत नसत. मी चहा घेऊन गेले तेव्हा मोठेबाबा काहीतरी समजावून सांगत होते आणि बाबा आभाळाकडे बघत होते. मला पाहून मोठेबाबा म्हणाले, "लय गरमी आहे बापा तुमच्या भिलाईत." बाबा म्हणाले, "हाव ना." मी कप ठेवले आणि पुस्तकाकडे गेले. दुसऱ्या दिवशी मोठेबाबा परतले. त्यांना गाडीत बसवून आल्यावर बाबा बराच वेळ आंब्याच्या बुंध्याला टेकून उभे होते. मला वाटलं, रिटायरमेंट जवळ आली, माणूस हळवा होणारच. आणि मी आणखी जोराने अभ्यासाला लागले.

रिटायरमेंटच्या दिवशी प्लांटच्या मित्रांनी बाबांना गुलाल लावून, हार घालून, जीपमध्ये बसवून घरी आणलं. ढोलक वाजत होतं. साहूकाका नाचले. कुणीतरी विचारलं, "अब क्या प्लान है, भैया?" बाबांनी गुलालाने माखलेल्या हाताने माझ्याकडे बोट केलं. "पहले बिटिया का इम्तिहान." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला लाजही वाटली आणि छाती फुगली.

परीक्षा रायपूरला झाली. नाव पुकारलं आणि मी आत गेले. एका परीक्षकांनी नेमकं अवघड नळीचंच विचारलं. मी हात थांबवायचं सांगितलं, हाक मारायचं सांगितलं, उठवायचं सांगितलं, आणि मग मला आवरेना. तो शुद्धीवर आला, त्याने डोळे उघडले, त्याला मी ऑपरेशन न करताच का उठवलं ते समजावून सांगितलं, बाहेर बसलेल्या नातेवाइकांना भेटले, पुढच्या वेळी काय करायचं ते ठरवलं. परीक्षक मान वर करून बघायला लागले. बाजूचे म्हणाले, "बस, बेटा, बस. घर भी छोड़ के आओगी क्या?" मी बाहेर आले तेव्हा मला कळलं होतं की मी पास आहे.

निकाल लागला त्या संध्याकाळी बाबांनी क्वार्टरांच्या सबंध लाइनीत पेढे वाटले. नोकरी इथेच मिळाली. मी म्हटलं, "बाबा, आता कुठे जायचं नाही. आपण इथेच राहू." बाबांनी पेढ्यांचा खोका बंद केला. मग म्हणाले, "बरं. इथंच राहू." आईने डोळ्याला पदर लावला. मला ते आनंदाचे अश्रू वाटले. पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही क्वार्टर रिकामं करून कोहक्याला आलो.

इतकी वर्षं मी तो उन्हाळा असाच जपून ठेवला होता. कधी हॉस्पिटलातून परतताना मुद्दाम रुआबांध्यावरून गाडी घेते. क्वार्टरला नवा रंग आहे, अंगणात कुणाची तरी मोटरसायकल. आंबा आहे. मी काच खाली करून घटकाभर थांबते आणि मनाशी म्हणते, इथे आम्ही किती सुखी होतो. मी पास झाले आणि बाबांचं भिलाई वाचवलं.

मागच्या दिवाळीनंतर मोठेबाबा गेले. बाबांना घेऊन मी गावी गेले. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, मला घराच्या मागच्या अंगाला घेऊन गेली. तिथे दोन खोल्या होत्या. धानाची पोती भरलेली, कोपऱ्यात कोंबडी. भिंतींवर जुना निळसर चुना, बऱ्याच ठिकाणी निघालेला.

"ह्या तुया बापासाठी बांधल्या होत्या," मोठी आई म्हणाली. "तो नोकरीवरून सुटला का इथं येतो म्हने. खिडकी बी त्यानंच सांगतली, बांध्यायकडं पाहिजे म्हने, लेटल्या लेटल्या धान दिसाले पाहिजे. हे त्या साली भिलाईले गेले होते ना, खोल्या झाल्या हे सांगाले. चुना मारून ठेवला होता आमी. दोन साल खाली ठेवल्या. मंग पोते टाकले."

मी खिडकी उघडली. बाहेर कापणी झालेल्या धानाच्या बांध्या होत्या, दूरवर, आणि पलीकडे नदीची झाडं. तो उन्हाळा मी जगातला सगळ्यात सुखाचा म्हणून जपला आणि त्याच उन्हाळ्यात माझ्यासमोर खुर्चीत बसलेल्या माणसाचं मन इथे होतं. मी त्यांना भिलाईत ठेवायला रात्रंदिवस घोकत होते. आणि ते मला पास करायला मदत करत होते, हे पुरतं ठाऊक असून की मी पास झाले की ही खिडकी गेली. मला तेव्हा ते कळायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण छातीत दुखतं ते दुखतं.

परत आल्यावरही मला विचारायचं धाडस झालं नाही. हिवाळा गेला. एप्रिल आला, पोरांचे ओठ हलायला लागले. परवा दुपारी मी लवकर घरी आले. बाबा कूलरमध्ये पाणी भरत होते. हात आता थरथरतात, अर्धं पाणी फरशीवर. मी बादली घेतली आणि एकदम त्यांच्याच बोलीत बोलून गेले.

"बाबा, तुमाले गावाले राह्याले जाचं होतं?"

ते थांबले. ओले हात लुंगीला पुसले. मोठी आई बोलली असणार हे त्यांना कळलं.

"जाचं तं होतं," ते म्हणाले. सहज म्हणाले, चहा घ्यायचा होता म्हणावं तसं.

"मंग सांगतलं कावून नाही मले?"

"तुये पेपर होते ना व. पेपराच्या पोट्टीले असं सांगतेत का?"

"पेपर होऊन किती वर्षं झाले, बाबा!"

त्यांनी खरंच विचार केला. भिंतीकडे बघत, हिशेब जुळत नसल्यासारखा. "हाव," ते म्हणाले. "झाले तं खरे. पन मंग तू रिकामी कवा भेटली? नोकरी लागली, मंग तुयी आई बीमार, मंग ह्या पोरायचे पेपर. सालोसाल कोनाचे ना कोनाचे पेपर राह्यतेच आपल्या घरी."

मी टेबलावरचा फोन उचलला. पोरं यायची वेळ झाली होती. "मी त्याईले सांगतो, आज नका येऊ. आज आपन बसू. तुमी सांगा मले सगळं. पाहिजे तं गावाले जाऊ, पोते काढू, चुना मारू."

बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "नोको, नोको. पेपराचे पोट्टे आहेत. असं वापस नाही पाठवत कोनाले." मग त्यांनी कोपऱ्यातली चटई घेतली, झटकली आणि हळूहळू वाकून कूलरच्या वाऱ्यात अंथरली. तेवढ्यात फाटक वाजलं.

"अन् तुमचं?" मी विचारलं.

"माह्यं काय, मंजू," बाबा चटईची घडी सारखी करत म्हणाले. "मी आता कुठं जाऊन राहिलो?"